आवाज माहाच पाहिजे

"दादा, जमना गेली," असं प्रकाशनं फोनवर सांगितलं आणि मी विचारलं, "कुठं?"

ती सारखी कुठंतरी गेलेलीच असायची. आज पुण्याला तालमीला, परवा नाशिकला प्रयोगाला, मधेच मुंबईला कोणाला तरी भेटायला. तिच्या भावानं फोन करून 'जमना गेली' म्हणावं आणि मी गावाचं नाव विचारावं, हे गेल्या चार वर्षांत कितीतरी वेळा झालं होतं. त्या दिवशी मी ढाणकीच्या छापखान्यात लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यांमध्ये बसून एका पत्रकाचं प्रूफ तपासत होतो. फोन कान आणि खांद्याच्या मधे दाबलेला, हातात लाल पेन. पलीकडून प्रकाशचा श्वास ऐकू आला आणि मला कळलं... चार दिवसांपूर्वी ताप आला म्हणून तिला नागपूरला हलवलं होतं. ताप डोक्यात गेला, असं डॉक्टरांनी घरच्यांना समजेल अशा शब्दांत सांगितलं. जमना आडे सव्वीस वर्षांची होती.

या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. एवढ्या दिवसांत तिच्यावर बरंच छापून आलं. चौकात फलक लागले, त्यावर तिचा सिनेमातला फोटो. जे आलं ते मी सगळं वाचलं, आणि वाचता वाचता दुःखाच्या जागी राग येऊ लागला. 'तांड्यावरची असूनही तिनं नाव कमावलं.' 'ग्रामीण उच्चारांवर मात करून ती पडद्यापर्यंत पोहोचली.' माझे वडील जिनिंग कारखान्यातल्या कामगारांची पत्रकं काढायचे. मी बाराखडी गिरवली ती उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर. त्यामुळे चुकीच्या जागी पडलेला शब्द मला गप्प बसू देत नाही. 'असूनही' हा शब्द खोटा आहे, आणि 'मात करून' हा तिचा अपमान आहे. जमनानं आपल्या उच्चारांवर कधीच मात केली नाही. तिनं मात केली ती ते उच्चार बदलायला निघालेल्यांवर. ती कशी केली ते मी जवळून पाहिलं आहे, म्हणून हे लिहितो आहे. ती हरून गेली नाही, जिंकून गेली. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे वाचणाऱ्यानं पदर डोळ्याला लावायची घाई करू नये.

आमची पहिली भेट म्हणजे भांडणच. उमरखेडच्या कॉलेजात मी शेवटच्या वर्षाला होतो, ती पहिल्या. युवा महोत्सवासाठी मी कापूस वेचणाऱ्या बायांवर एक पथनाट्य लिहिलं होतं. तालमी वर्गातच चालत. जमना मैत्रिणीसोबत यायची आणि मागच्या बाकावर भुईमुगाच्या शेंगा सोलत बसायची. नाटकातल्या मजूर बाईला मी एक लांबलचक भाषण दिलं होतं. 'आमच्या घामाच्या थेंबाथेंबाचा जाब आम्ही विचारल्याशिवाय राहणार नाही' वगैरे. त्या दिवशी ते भाषण संपलं आणि मागून आवाज आला, "हे बाई बोलून राह्यली का पत्रक वाचून राह्यली?"

सगळे हसले. मला झोंबलं. मी म्हणालो, "तुला जमत असेल तर तू कर."

"करते नं," ती शेंगांची टरफलं ओढणीत गोळा करत म्हणाली. "पन मी हे असं नाही बोलनार. असं बोलली तं माही याडी मले घरात नाही घेनार." याडी म्हणजे आई. बंजारा लोकांची गोरबोली ती घरात बोलायची, बाजारात आणि कॉलेजात वऱ्हाडी, आणि परीक्षेच्या पेपरात पुस्तकातली मराठी. एका तोंडात तीन भाषा, आणि तिन्ही तिच्या स्वतःच्या.

ती पुढे आली. कमरेला नसलेलं फडकं बांधलं, दोन्ही हातांनी नसलेली बोंडं वेचायला लागली. बराच वेळ काही बोललीच नाही. आम्ही चुळबुळ करायला लागलो तरी ती वेचतच होती. मग मान वर न करता एवढंच म्हणाली, "उन्हं डोक्यावर आली. पानी तरी पाजशीन का नाही, पाटील?" माझ्या दीड पानाच्या भाषणात जे मावलं नव्हतं ते त्या एका वाक्यात होतं... मी वहीतलं भाषण तिथंच खोडलं. त्या दिवसापासून ती मला 'पत्रक्या' म्हणायला लागली, आणि मी लिहिलेला प्रत्येक संवाद आधी तिला ऐकवायला लागलो. मान हलवली की ठेवायचा, नाकाला हात लावला की खोडायचा.

तिच्या आईला, हिराबाईंना, हे सगळं पसंत नव्हतं. मी तांड्यावर गेलो की त्या चहा द्यायच्या, पण कप ठेवताना वाजवून ठेवायच्या. "पत्रकवाले भाऊ," त्या म्हणायच्या, "पोरगी तुमच्या नादी लागली. शिकून नोकरी धरन म्हनलं तं ते आरशात पाहून बोलत राह्यते." जमना आतून ओरडायची, "याडी, माहा नाद मलेच हाय, त्याईले कायले बोलतं!"

ते पथनाट्य पुढे वाढलं, एकांकिका झालं आणि यवतमाळच्या स्पर्धेत गेलं. निकालानंतर परीक्षकांनी कलावंतांना समोर बसवून चार गोष्टी सांगायची तिथं पद्धत होती. परीक्षक भले गृहस्थ होते, जमनाचं त्यांनी तोंडभर कौतुक केलं. मग म्हणाले, "फक्त उच्चारांवर मेहनत घे, बाळ. 'पानी' नाही, पाणी. 'डोया' नाही, डोळा. मोठ्या रंगमंचावर हे चालत नाही."

जमना उभी राहिली. हात मागे बांधून, शाळेत कविता म्हणावी तशी म्हणाली, "पाणी. डोळा. कोण. बाण. वाळवण. काळवेळ." एकेक ण आणि ळ असा खणखणीत की मागच्या रांगेतले लोक माना वर करून पाहू लागले. "मले येते सर," ती म्हणाली, "शाळेत शिकवलं हाय. पन मी जे बाई करून राह्यली ते कापूस वेचते. तिनं उच्चारावर मेहनत घेतली तं कापूस कोन वेचन?"

बक्षीस दुसऱ्या क्रमांकाचं मिळालं. परतीच्या एस.टी.त तिनं परीक्षकांची अशी हुबेहूब नक्कल केली की कंडक्टर तिकिटं फाडायचं विसरला. मी मात्र आर्णी येईपर्यंत धुमसत होतो, याच्यावर पत्रक काढू म्हणून तिच्या मागे लागलो होतो. ती म्हणाली, "पत्रक्या, ते मानूस वाईट नाही. त्याच्या कानाले सवय नाही. कानाले सवय लावा लागते. त्याले टाइम लागते." मला तेव्हा ते माघार घेणं वाटलं. ती पुढची सात वर्षं नेमकं तेच काम करणार आहे, हे मला कुठं ठाऊक होतं!

पदवीनंतर ती पुण्याला गेली. दीड वर्ष एका बालनाट्य संस्थेत झाडाचं, ढगाचं, सशाचं काम केलं. मग एका व्यावसायिक नाटकात मोलकरणीची भूमिका मिळाली. चौदा वाक्यं, आणि सगळी हशे मिळवण्यासाठी. "काहून बाईसाहेब?" म्हटलं की हशा. "मले काय माहीत" म्हटलं की हशा. विनोद त्या वाक्यांत काहीच नव्हता. विनोद होता ती बोली. जमनानं काम घेतलं. मी फोनवर तिच्यावर तोंडसुख घेतलं, आपल्या बोलीचा बाजार मांडतेस म्हणालो. ती म्हणाली, "आधी स्टेजवर उभी तं राहू दे. बाहेरून ओरडून भाषा वाचत नाही, लेका." तीसएक प्रयोग लोक हसले. मग नाटक विदर्भाच्या दौऱ्यावर आलं, आणि अमरावतीला जमना बोलली तर प्रेक्षागृहात चिटपाखरू हललं नाही. कशाला हसतील? सगळे तसंच तर बोलत होते! उलट घरमालकीण तिच्यावर ओरडली तेव्हा मागून एक बाई मोठ्यांदा म्हणाली, "तिच्यावर काहून खेकसतं बाई?" टाळ्या पडल्या. मध्यंतरात दिग्दर्शक गडबडून गेला. जमनानं त्याला शांतपणे सांगितलं, "सर, आता हे बाई खरीखुरी झाली. आता तिले दोन वाक्यं वाढवून द्या." त्यानं पाच वाढवून दिली. पुण्याला परतल्यावरही ती पाच वाक्यं राहिली, आणि तिथले लोकही हळूहळू त्या जागी हसायचे थांबले. कानाला सवय लागते ती अशी.

त्या नाटकामुळे सिनेमा आला. तांड्यावरच्या दोन बहिणींची गोष्ट. धाकटीचं लग्न होऊन ती दूर जाते आणि मोठी मागे राहते. जमना धाकटी बहीण. चित्रीकरण आमच्याच भागात, पुसदच्या पलीकडच्या टेकड्यांत. पाठवणीचा प्रसंग ज्या दिवशी होता त्या दिवशी मीही गेलतो... बघा, तिच्याबद्दल लिहायला बसलो की माझी भाषाही तिच्या बाजूला झुकते. दिग्दर्शकाला त्या प्रसंगात शांतता हवी होती. नवरी गाडीजवळ उभी, डोळ्यांत एक थेंब, तो गालावर ओघळतो, बस. कॅमेरा जवळ नेऊन ठेवला होता. जमना म्हणाली, "सर, तांड्यावर कोनती पोरगी अशी मुक्यानं जात नाही."

आणि तिनं समजावून सांगितलं. बंजाऱ्यांमध्ये सासरी निघालेली मुलगी ढावलो म्हणते. ढावलो म्हणजे रडणं, पण सुरात आणि शब्दांत. आईच्या, बहिणीच्या, काकूच्या गळ्यात पडून एकेकीला काय काय सांगायचं ते सूर धरून सांगायचं. लग्न ठरलं की म्हाताऱ्या बाया पोरीला तो शिकवतात. कुठं श्वास घ्यायचा, कुठं हुंदका येऊ द्यायचा, शब्द तुटू न देता कसं रडायचं. आणि समोरचीनं त्याच सुरात उत्तर द्यायचं असतं. रडणारीला एकटीला रडू द्यायचं नाही. "शिकवेल रडनं हाय हे, सर," ती म्हणाली. "तुम्हाले वाटन नाटकी हाय. पन हे खोटं नसते. पोरगी हे शिकता शिकताच अर्धी सासरी जाते."

दिग्दर्शक विचारात पडला. माणूस शिकणारा होता. म्हणाला, एकदा करून दाखव. पण मोठ्या बहिणीचं काम करणारी नटी मुंबईची. जमना गळ्यात पडली तर ती बिचारी नुसती तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. ढावल्याला उत्तर कोण देणार? जमनानं इकडंतिकडं पाहिलं. बघ्यांच्या गर्दीत हिराबाई उभ्या होत्या, भाकरीचा डबा घेऊन आलेल्या. "याडीले घ्या," जमना म्हणाली. "सिनेमातल्या पोरीले मायच नाही ठेवली तुम्ही. पाठवनीले तं ठेवा."

हिराबाई आधी नाही नाही म्हणाल्या. मग डबा माझ्या हातात दिला, पदर नीट केला आणि गाडीजवळ गेल्या. जमना त्यांच्या गळ्यात पडली, "याडी ये..." असा सूर निघाला, आणि आईनं त्या सुराला उत्तर दिलं. मला त्यातले निम्मे शब्दही कळत नव्हते. चार मिनिटं चाललं. दिग्दर्शक 'कट' म्हणायचा विसरला. दिवे धरणारी मुंबईची माणसं दुसरीकडं तोंड करून उभी होती.

इथपर्यंत सगळं गोड झालं. खरी लढाई पुढं होती.

चार महिन्यांनी तिचा फोन आला. आवाजात कंप होता. तिचा आवाज असा मी आधी कधी ऐकला नव्हता. "पत्रक्या, त्याईनं सिनेमाचा तुकडा दाखवला. माह्या तोंडातून दुसरीच बाई बोलून राह्यली." झालं होतं असं. सिनेमा विकायचा तर भाषा सगळीकडं चालणारी हवी, असं निर्मात्यांच्या माणसांनी ठरवलं होतं. म्हणून जमनाचे गोरबोली-वऱ्हाडीतले सगळे संवाद एका सराईत आवाजाच्या बाईकडून पुस्तकातल्या मराठीत परत म्हणवून घेतले होते. चेहरा जमनाचा, ओठ जमनाचे, आवाज दुसरीचा. ही गोष्ट त्या धंद्यात रोज होते म्हणे, कोणाला त्यात गैर वाटत नाही. मी त्याच दुपारी पत्रक लिहून काढलं. मथळा होता 'आवाजचोरांनो, खबरदार!' प्रूफही काढलं. तिला वाचून दाखवलं तर ती इतक्या संकटातही हसली. म्हणाली, "चांगलं हाय. पन ठेव. तुह्या पत्रकानं ते घाबरनार नाहीत अन् मले मात्र पुढं कोनी काम देनार नाही. मले वेगळं काहीतरी पाहू दे."

वेगळं काहीतरी तिच्या हाताशी आपोआप आलं. सगळे संवाद त्या बाईनं म्हटले, पण पाठवणीचा प्रसंग अडला. त्या दिवशीचा मूळ आवाज वाऱ्यात आणि जनरेटरच्या घरघरीत गेला होता, तो वापरता येईना. आणि ढावलो काही त्या सराईत बाईच्या गळ्यातून निघेना. तिनं शब्द पाठ केले, सूरही धरला. पण ढावल्यात श्वास शब्दाच्या मधोमध घेतात, आणि हुंदका ओळीच्या शेवटी न येता सुरुवातीला येतो. ओठ एकीकडं आणि आवाज दुसरीकडं जायला लागला. तीन दिवस खटाटोप करून शेवटी त्यांनी जमनाला निरोप पाठवला. तेवढ्या प्रसंगापुरतं येऊन जा.

तिनं उत्तर दिलं, "रडनं माहं पाहिजे तं बोलनं बी माहंच घ्या. अर्धी बाई मी देत नाही. पुऱ्या सिनेमात आवाज माहाच पाहिजे."

हे बोलायला सोपं वाटतं. पण तिचा हा पहिला सिनेमा होता. मागे कोणी नव्हतं. त्यांनी तो प्रसंगच कापला असता तर? 'हट्टी आहे, डोकेदुखी आहे' एवढं दोन जणांनी दोन ठिकाणी बोललं असतं तरी तिची वाट संपली असती. निर्मात्यांच्या माणसानं तसं सुचवूनही पाहिलं. "पहिल्याच सिनेमाला इतका ताठा बरा नव्हे." ती तांड्यावर येऊन बसली. सोळा दिवस फोन आला नाही. ती आईसोबत तुरीच्या शेंगा तोडायला जायची आणि फोन बांधावर लुगड्याच्या चिंधीत गुंडाळून ठेवायची. मी विचारलं, "भीती वाटते का?" म्हणाली, "लय वाटते. रात्रंदिवस वाटते. पन पत्रक्या, विचार कर. माही याडी टॉकीजमंधी बसन, पडद्यावर मी दिसन, अन् बोलन दुसरीच. ते बाजूच्या बाईले काय सांगन, हे माही पोरगी हाय म्हनून? कोनत्या तोंडानं सांगन?" त्या सोळा दिवसांत तिच्याकडं पाहताना मला पहिल्यांदा कळलं की तत्त्व ही कागदावर छापायची वस्तू नव्हे, ती सोळा दिवस फोनची वाट पाहायला लावते.

सतराव्या दिवशी फोन आला. दिग्दर्शकाचा स्वतःचा. तो प्रसंग काढला तर सिनेमा उरत नाही, असं त्यानं निर्मात्यांना सांगितलं होतं आणि त्यावर अडून बसला होता. ये, म्हणाला. पूर्ण आवाज तुझा. आणि आईंनाही घेऊन ये.

मुंबईच्या त्या स्टुडिओची गोष्ट जमना इतकी रंगवून सांगायची की मला मी तिथं होतो असंच वाटतं. तिथं एकेकाला काचेच्या खोलीत उभं करतात, कानाला यंत्र लावतात आणि समोरच्या पडद्यावर पाहून बोलायला लावतात. हिराबाईंना आत नेलं. त्यांनी कानावरचं ते काढून ठेवलं आणि विचारलं, "कोनाच्या गळ्यात पडून रडू? या काचेच्या?" आवाज टिपणाऱ्या माणसानं समजावलं की आधी तुमचा आवाज घेऊ, मग मुलीचा, नंतर दोन्ही जोडू. त्या म्हणाल्या, "असं वायलं वायलं नाही रडता येत, भाऊ. ते रडन तेव्हा मी उत्तर देईन. ते नसन तं मी कोनाले देऊ?" शेवटी दोघींना एकाच खोलीत घेतलं. माइक दोघींच्या मधे टांगला तर गळाभेटीत तो आड येई, म्हणून छताला उंच बांधला. एका दमात झालं. बाकीचे संवाद जमनानं दोन दिवसांत संपवले. निघताना त्या आवाज टिपणाऱ्या माणसानं हिराबाईंना वाकून नमस्कार केला. त्या बाहेर येऊन जमनाला म्हणाल्या, "मानूस चांगला हाय, पन खोलीत हवा नाही."

सिनेमा आला. मोठ्या शहरांत बऱ्यापैकी चालला, एकदोन ठिकाणी जमनाला बक्षिसं मिळाली, पुढचं काम मिळालं. ते सगळं छापून आलेलं आहे. जे छापून आलं नाही ते सांगतो. ढाणकीला टॉकीज नाही. म्हणून आम्ही एक मंगल कार्यालय घेतलं, खिडक्यांना ताडपत्र्या लावल्या आणि एका दुपारी सिनेमा लावला. आजूबाजूच्या तांड्यांवरून ट्रॅक्टर भरभरून बाया आल्या. पडद्यावरची जमना गोरबोलीत पहिलं वाक्य बोलली आणि सगळ्या बायांनी एकमेकींकडं पाहिलं. आपल्या घरातली भाषा इतक्या मोठ्या आवाजात बाहेरून ऐकू येते, हे त्यांच्या कानांना नवीन होतं. मग पाठवणीचा प्रसंग आला. "याडी ये..." पडद्यावरून सूर निघाला आणि तिसऱ्या रांगेतल्या एका म्हातारीनं त्याला उत्तर दिलं. मोठ्यांदा, सूर धरून. कारण रडणारीला एकटीला रडू द्यायचं नसतं. मग दुसरीनं दिलं. मग शंभरेक बाया एकदम. ऑपरेटरला वाटलं मारामारी झाली, त्यानं मशीनकडं हात नेला. जमना खुर्चीवर उभी राहून ओरडली, "थांबवू नका! थांबवू नका भाऊ!" ती म्हातारी तर उठून दोन्ही हात पसरून पडद्याकडं निघाली, नवरीला गळ्यात घ्यायला. तिची सावली जमनाच्या चेहऱ्यावर पडली. मागून कोणीतरी ओरडलं, "ओ आजी, जमनी इकडे बसून हाय!" रडता रडता सगळं कार्यालय हसायला लागलं. आणि जमना रांगा ओलांडत गेली आणि त्या आजीच्या गळ्यात पडली.

मी भिंतीला टेकून उभा होतो. खिशात ते न छापलेलं पत्रक होतं. ते काही कामाला आलं नव्हतं याचा मला इतका आनंद झाला होता!

ही गोष्ट मागच्या वर्षीची. त्यानंतर तिनं दोन नाटकं केली, एक सिनेमा अर्धा ठेवून गेली. आणि उमरखेडला, एका खताच्या दुकानावरच्या माडीत, एक खोली चालू करून गेली. दर रविवारी तिथं पोरंपोरी नाटक शिकायला येतात. ढाणकीची, पांढरकवड्याची, पार झरी जामणीच्या जंगलातल्या गावांतली. आवाज मोकळा करायला इतर ठिकाणी आ-ई-ऊ करायला लावतात. जमनानं वेगळंच काढलं होतं. गोल करून उभं राहायचं आणि एकेकानं आपली आई आपल्याला ज्या शब्दांत रागावते ते शब्द, त्याच सुरात, पूर्ण ताकदीनं म्हणायचे. ती म्हणायची, "मायचं रागावनं कोनालेच चुकीच्या उच्चारात येत नाही."

ती गेल्यावर पहिला रविवार कोणी आलं नाही. दुसऱ्या रविवारी चार जण आले आणि नुसते बसून गेले. तिसऱ्या रविवारी गोल झाला. परवाचा पाचवा. आम्ही उभे राहिलो तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. प्रकाश होता, आणि त्याच्यामागे हिराबाई. महिनाभरात त्या कोणाशी धड बोलल्या नव्हत्या. "दर रविवारी पोरगी कुठं जात होती ते पाहाले आली," एवढं म्हणाल्या. आम्ही खुर्ची दिली. ती बाजूला सारून त्या गोलात येऊन उभ्या राहिल्या.

सुरुवात झाली. कोणाची आई 'मुडद्या' म्हणत होती, कोणाची 'तुही टंगडी तोडीन'. झरी जामणीच्या एका नव्या मुलीनं कोलामीत, कोलाम आदिवासींच्या बोलीत, असं काही झापलं की शब्द एकालाही कळला नाही, पण सगळ्यांनी कान झाकले. मग हिराबाईंची पाळी आली. त्यांच्यावरून पुढं जावं म्हणून मी शेजारच्या मुलाला डोळ्यांनी खुणावलं. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. पदर खांद्यावर घट्ट ओढला, खिडकीकडं तोंड केलं, आणि शेतातून घराकडं हाक मारावी तशा आवाजात ओरडल्या,

"ये जमनी! छोरी, धीरे बोल! तांडो सामळरो छ!"

हळू बोल, पोरी, तांडा ऐकतो आहे... खिडकीची काच थरथरली. त्या आमच्याकडं वळल्या. "हेच म्हनत होती मी. रोज म्हनत होती," त्या म्हणाल्या. "कधी आयकलं नाही तिनं." आणि महिन्याभरात पहिल्यांदा त्यांच्या ओठांवर हसू आलं.

खाली दुकानदार रस्त्यावर येऊन वर पाहत होता. "काय झालं हो वर?" त्यानं विचारलं. ती कोलाम मुलगी खिडकीतून वाकली आणि तिनं हिराबाईंच्याच पट्टीत उत्तर दिलं.

"काही नाही काका. तालीम चालू हाय!"